तराफ्यासाठी खांदा

८ सप्टेंबर
माजलगावला फिजिओथेरपिस्ट मंजुषा मॅडमकडे गेलो. उजवा खांदा आखडलाय म्हणाल्या, रोज व्यायाम करा. करणारच. दिवाळीनंतर माझा दोस्त बंकट ऊसतोडीला जातो, मग उन्हाळ्यापर्यंत गाठ नाही. त्याआधी धरणावर त्याच्या थर्माकोलच्या तराफ्यावरून दोघांनी मासे धरायचे, हा शाळेपासूनचा नेम.

९ सप्टेंबर, सकाळी
भिंतीवर बोटांनी वर चढायचं. बोटं स्विचबोर्डापर्यंत गेली, पुढं जाईनात. भिंत खडबडीत आहे. आधी रंग द्यायला पाहिजे.

१३ सप्टेंबर
रंगवाला आला नाही. माझा काय दोष? ऑनलाइन मासे धरायचा भारी रॉड मागवला. सामान चांगलं असलं की खांद्याला ताण कमी.

१९ सप्टेंबर
रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधून ओढला. कडीच निघाली. बायको सत्यशीला भडकली. तिचाही खांदा भाकरी थापून दुखतो म्हणे. पट्टा तिला देऊन टाकला.

२७ सप्टेंबर
मंजुषा मॅडम म्हणाल्या, काका, हात तिथंच आहे, तुम्ही कंबर वाकवताय. व्यायाम करता का? म्हटलं, घरात रोज चालू आहे. खोटं नाही. सत्यशीला करते.

५ ऑक्टोबर
बंकटचा फोन. टोळी लवकर निघतीय, येत्या रविवारीच चल म्हणाला. खांदा कसा हाय बे? फस्क्लास, म्हटलं. दुपारी राहिलेले सगळे व्यायाम एकदम उरकले. जेवताना घास तोंडापर्यंत जाईना. आतून मोकळा होत असावा.

१२ ऑक्टोबर
बंकटनं जाळं घेतलं, वल्हं माझ्याकडं. पहिल्याच झटक्याला डोळ्यांपुढं काजवे. तराफा जागेवरच गरगर फिरायला लागला. वारं लई आहे, म्हटलं. बंकट म्हणाला, वारं कुठंय बे? कामून नाही सांगितलंस खांद्याचं? काठावर बसलो असतो की दोघं. मग माझ्या हातातलं वल्हं काढून घेतलं आणि तराफा काठाला लावला. ते खांद्यापेक्षा जास्त लागलं.

डबा घेऊन आलेली सत्यशीला म्हणाली, जाळं तसंच कशाला न्यायचं, मी बसते. बसली. सपासप वल्हं मारत दोघं पार मधे गेली. तिचं हसू काठावर ऐकू येत होतं. मी डाव्या हातानं गळ टाकला. बाभळीत अडकला.

संध्याकाळी
बंकट जेवायला थांबला नाही. सामान बांधायचंय म्हणाला. ओला बनियन अंगातून निघेना. सत्यशीलेला हाक मारली. मासे साफ करता करता उठून आली. म्हणाली, हात वर करा.
म्हटलं, होत नाही गं.