शार्कच्या कल्ल्यावरची पाच बोटं

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन दीड महिना झाला आणि परवा तुमची व्हीसीडी आली. तोआ पायोहच्या सिनेमांच्या दुकानातल्या मिस्टर लिमचा फोन होता. "अंकल्स शार्क कम ऑलरेडी!" तुम्ही गेल्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. तो आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "देन यू सी फॉर हिम, लाह." मी ती पाहिली. पाहून झाल्यावर काय झालं ते तुमच्याशिवाय कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र.

आधी एक कबुली देते. तुमचा तो शार्क मी एक दिवसही खरा मानला नव्हता.

मानणार तरी कशी, सांगा ना! मी लहान असताना आईचं कशावरून बिनसलं की ती हातातलं भांडं ओट्यावर आपटायची आणि म्हणायची, "शार्क बनवत होते म्हणे! शार्क!" बस्स, एवढंच. तुम्ही पेपरात डोकं घालायचात. माझ्या जन्माच्या वेळी तुम्ही इथे सिंगापूरला, सेम्बावांगच्या शिपयार्डात वेल्डर होतात, घरी यायची रजा मंजूर झाली होती आणि तरी तुम्ही आला नाहीत, एवढं मला ठाऊक होतं. दसऱ्यानंतर पाच दिवसांनी मी झाले. तुम्ही उगवलात होळीला. मधल्या काळात कोणा परदेशी कंपनीच्या सिनेमासाठी लोखंडी पाइप, कॅनव्हास आणि लॉरीच्या ट्यूबांचा शार्क बनवत होतात, असं तुमचं म्हणणं. कोण विश्वास ठेवेल?

त्यात माझा धंदा विम्याचे क्लेम तपासण्याचा. समोरच्यानं 'जिन्यावरून पडलो' म्हटलं की मी आधी जिना आहे का ते बघते. पाच वर्षं हेच करतेय. घरी येऊन वेगळी कशी होणार?

सार्सची साथ संपली त्या वर्षी तुम्ही माझ्याकडे राहायला आलात. आईनं साफ नकार दिला. "सिंगापूरला मी पाय ठेवणार नाही," म्हणाली. तिकडे पुण्यात दादाकडे राहिली. तिथून माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. गावावर इतका राग कशाचा? गावावर कुणी रागावत नाही. त्या गावात कुणीतरी असतं, त्याच्यावर रागावतात.

आणि तुम्ही! चार दिवसांत लिमचं दुकान शोधून काढलंत. शार्कचे सिनेमे, तेही सत्तरच्या दशकातले, तेही सगळ्यात भिकार. तो मोठा अमेरिकन सिनेमा गाजला, त्याच्या मागून ज्याच्या हाती कॅमेरा आला त्यानं काढलेले. लिम तुम्हाला अगदी कौतुकानं दाखवायचा, "अंकल, धिस वन शार्क व्हेरी लाउझी, मस्ट बी युअर्स!" आणि तुम्ही खूश होऊन घरी आणायचात. एका दृश्यात शार्क होडीएवढा, पुढच्यात बसएवढा. पोहणाऱ्या बाईचा पाय डावा गेला तर रक्त उजव्याला. खरा मासा कुठल्या तरी माहितीपटातून उचललेला, आणि एकाच सिनेमातला शार्क तुकडे जोडून दुसऱ्या तीन सिनेमांत. तुम्हीच मला समजावलं होतंत, की ही मंडळी काम चालू असताना नाव ठरवत नाहीत, आणि ठरवलं तरी प्रत्येक देशात वेगळ्या नावानं विकतात. म्हणून तुम्हाला तुमच्या सिनेमाचं नाव माहीत नाही. म्हणून सगळे बघावे लागतात.

काय सोयीचं उत्तर! ऑफिसात असं कुणी सांगितलं असतं तर मी पेन खाली ठेवून नुसती हसले असते.

"पण ओळखणार कसा?" मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "खूण आहे त्याला." कसली खूण? "सापडला की दाखवतो." बाबा, तेव्हाच सांगितलं असतंत तर तुमचं काय गेलं असतं?

तुम्ही टीव्हीपुढे गुडघ्यावर हात ठेवून बसायचात. या सिनेमांत सुरुवातीला हटकून एक कमी कपड्यांतली बाई पोहायला उतरते. तुम्ही तिच्याकडे बघतच नव्हतात. मागच्या पाण्याकडे बघायचात. मला त्याचाही संशय यायचा! वाटायचं, हे कुणाला तरी शोधतायत. गर्दीतली एखादी, किनाऱ्यावर छत्री घेऊन उभी असलेली एखादी. इरा शेजारी बसून खिदळायची, "आजोबा, सो फेक लाह!" तुम्ही गंभीरपणे म्हणायचात, "हा फेक आहेच. आमचा चांगला होता."

आता हेही ऐका. एका शनिवारी मी तुमच्या मागे आले होते. तुम्ही एमआरटीनं सेम्बावांगला जाता, दोन तास बसता आणि परत येता, ते कशासाठी, ते बघायला. स्वतःच्या सत्तरीच्या बापाचा पाठलाग! मी पुढच्या डब्यात बसले होते. तुम्ही समुद्राकाठच्या पार्कात गेलात, पिशवीतली कॉफी घेतलीत, बाकावर बसलात. थोड्या वेळानं एक चिनी आजी येऊन त्याच बाकावर बसली. तुम्ही तिच्याशी पाच मिनिटं बोललात. तिनं तुम्हाला एक संत्रं दिलं. मी घरी येऊन दोन दिवस त्या संत्र्याचा विचार करत होते.

मग तो रविवार. नाश्त्याला पोहे होते. तुम्ही म्हणालात, लिम एक नवीन मागवतोय, बहुतेक हाच तो. माझा तोल गेला. मी म्हणाले, "बाबा, पुरे ते शार्क. ती कोण होती, तेवढं सांगा."

तुम्ही आधी हसलात. मग माझं तोंड बघून बशी खाली ठेवलीत. "कोण ती?"

"जिच्यासाठी तुम्ही माझ्या वेळी आला नाहीत. आईनं आयुष्यभर गिळलं ते मला माहीत आहे."

तुम्ही पोह्यांच्या बशीवर मान खाली घातलीत. नंतर म्हणालात, "तुझ्या आईला विचार."

मला तो कावा वाटला. मी आईला असलं काही विचारणार नाही, हे तुम्ही ओळखून होतात, असं मला वाटलं. म्हातारपणी तिच्या जखमेत बोट कोण घालणार? मी विचारलं नाही. तुम्ही त्यानंतर एकही सिनेमा लावला नाहीत. इरानं विचारलं तर "डोळे दुखतात" म्हणालात. आठ दिवसांनी सकाळी फिरायला निघताना, बूट घालता घालता, तुम्ही गेलात.

ते आठ दिवस मला परत हवेत, बाबा. बाकी काही नको. तेवढे आठ दिवस.

अस्थी घेऊन मी पुण्याला गेले, आईजवळ बारा दिवस राहिले, तेव्हाही विचारलं नाही. ती पदर तोंडाला लावून बसलेली असायची आणि मी मनात म्हणायचे, बघा, अजून हिचं मन दुखतंय. मनाशी निकाल तर मी केव्हाच देऊन बसले होते.

आता परवाचं. दुपारी इरा आणि मी व्हीसीडी लावली. कव्हरवर एक नाव, पडद्यावर दुसरंच. मी एक वही घेऊन बसले होते, खोटं आहे हे सिद्ध करायला. सुरुवातीला तीच बाई, तोच समुद्र, तेच गडगडणारं संगीत. पंधरा मिनिटांनी शार्क आला. बाबा, तो खरंच चांगला होता! जबडा सरळ उघडत होता, मान वळत होती. बाकीच्यांसारखा लाकडी ओंडका नव्हता.

आणि इरा म्हणाली, "आई, व्हाय ऑलरेडी गॉट ब्लड? इट हॅवन्ट ईटन एनीवन येट, व्हॉट!"

मी मागे नेऊन पुन्हा लावलं. खरंच. अजून कुणाला काही झालेलं नव्हतं आणि शार्कच्या कल्ल्याजवळ लाल रेघा होत्या. मी चित्र थांबवलं, टीव्हीच्या पुढ्यात जाऊन बसले. एक, दोन, तीन, चार, पाच. वरून खाली ओढलेली पाच बोटं. आपल्याकडे दसऱ्याला लेथ मशिनवर, रिक्षावर, शिलाई मशिनवर ओढतात ती. ज्यानं तो सिनेमा काढला त्याला ते रक्त वाटलं असेल आणि त्यानं तसंच ठेवलं. कुंकू ग्रीसमध्ये कालवलं असणार तुम्ही, नाहीतर पाण्यात टिकलं नसतं. जगाच्या पाठीवर शार्कची पूजा करणारा दुसरा माणूस कोण असेल?

मी रडले. इरा घाबरली. तिला वाटलं, मला शार्कची भीती वाटली.

पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. डोळे पुसून होतात न होतात तोच शंका आली. डॉर्मिटरीत राहणाऱ्या, देवाला कधी हात न जोडणाऱ्या माणसाकडे कुंकू कुठून आलं? कुणी दिलं? कुठल्या घरातलं? पाच मिनिटांपूर्वी ज्यानं तुम्हाला सोडवलं, तेच मी तुमच्याविरुद्ध लावून मोकळी झाले. या वेळी मात्र मी आईला फोन केला.

आडवळणानं सुरुवात केली. म्हटलं, सिनेमा सापडला. शार्क आहे त्यात. त्याला कुंकवाची बोटं ओढलेली आहेत.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"म्हणजे पूजा केली होती," आई म्हणाली.

"तुला काय माहीत पूजेचं?"

"अगं, कुंकू मीच पाठवलं होतं. पाकिटात घालून, टपालानं. यांचं पत्र आलं, मोठं काम मिळालंय, शार्क बनवतोय म्हणून. चार पानं नुसतं त्या माशाबद्दल. मला नववा लागणार होता. मी लिहिलं, दसऱ्याला त्याची पूजा करा आणि मिळेल त्या विमानानं निघा. पूजा केली. निघाले मात्र नाहीत."

"म्हणजे तुला माहीत होतं? पहिल्यापासून?"

"माहीत नसायला काय झालं? त्याची शेपटी मोडली शूटिंगच्या पहिल्याच दिवशी, ती जोडायला थांबले. मग जबडा अडकायला लागला, म्हणून थांबले. सगळं पत्रातून कळवत होते. पत्रं आहेत माझ्याकडे."

"आई, मग तू खोटं का म्हणायचीस?"

"खोटं मी कधी म्हटलं?"

मी आठवून पाहिलं, बाबा. सगळं आठवून पाहिलं. भांडं आपटणं, 'म्हणे', 'शार्क'. खोटं हा शब्द तिनं कधी उच्चारला नव्हता. तो मी घातला होता, वयाच्या सहाव्या का सातव्या वर्षी, आणि तेव्हापासून तुमच्यावर तो आळ ठेवून वाढले.

"मला वाटायचं, कुणी बाई असेल," मी शेवटी म्हणाले.

आई हसली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा हसली. आणि हसता हसता तिचा आवाज फाटला. "बाई असती तर बरं झालं असतं गं. भांडले असते तिच्याशी. झिंज्या उपटल्या असत्या. माशाशी काय भांडू? तो तर रबराचा!"

ती पुढे म्हणाली, "जन्मभर जहाजांच्या तळाला ठिगळं लावली त्यांनी. तोंड असलेली वस्तू एकदाच करायला मिळाली. कळत होतं मला. म्हणून तर कुंकू पाठवलं. पण मी तिकडे कळा देत होते आणि हे शेपटी जोडत होते, हे कसं विसरू?"

मग म्हणाली, "येताना घेऊन ये ते इकडे. बघते तरी, कशापायी थांबले होते."

तर असं आहे, बाबा. तुमच्यावर जे बालंट मी घेतलं ते साफ खोटं होतं. मी चुकले. तुम्ही पोह्यांच्या बशीवर मान खाली घातलीत, ते अपराधी वाटून नाही, हे मला आता कळतंय, आणि आता कळून काही उपयोग नाही. पाया पडून सांगितलं असतं, पण पाय कुठे आहेत?

पण खरं सांगू? तुम्ही खरे निघालात याचा मला आनंद झाला, आणि रात्री जेवताना रागही आला. कसला उपद्व्याप तो! इतका चांगला मासा केलात, आणि तो पडद्यावर जेमतेम सहा मिनिटं. त्यासाठी मला पाच महिन्यांची होईपर्यंत बघितलं नाहीत. हा राग आता माझा स्वतःचा आहे, आईकडून उसना घेतलेला नाही.

दिवाळीला मी ती व्हीसीडी पुण्याला नेते. आईला खुर्चीत बसवून दाखवीन. ती शार्कला शिव्या घालेल, तुम्हालाही घालेल; मी मधे बोलणार नाही. आणि आपल्या घरात पुन्हा कुणी तुम्हाला खोटं म्हटलं, अगदी माझ्या मनात जरी आलं, तरी मी ते खपवून घेणार नाही, हा शब्द देते. माझ्या वाट्याची माफी मी इथे मागितली आहे. आईची मात्र तुमची तुम्हीच मागायची होती, बाबा. ती मला तुमच्या वतीनं मागता येणार नाही.

तुमची संशयी लेक,
मेधा