रामनवमीचा शंख आणि पुढचे दोन दात

नाशिक, फाल्गुन वद्य द्वादशी, शके १८५७

तीर्थस्वरूप धोंडीरामदादांच्या चरणी धाकट्या सिंधूचा साष्टांग नमस्कार. आपण कळवणच्या मोटारीने पाठवलेली गुळाची ढेप एक, बाजरी चार पायल्या आणि वहिनीच्या हातचे डिंकाचे लाडू बत्तीस, असे सर्व पोचले. हमाली एक आणा. (टांगेवाला चार आणे मागत होता. बाजरी हमालाच्या डोक्यावर दिली आणि ढेप मीच लुगड्याच्या पदराखाली कडेवर घेऊन आले. वाटेत दोघींनी बाळाचे नाव विचारले.) आपला गुडघा कसा आहे? एरंडाचे पान गरम करून बांधत जावे, फुकट मिळते. रामरायाच्या कृपेने इकडे सर्व क्षेम आहे. फक्त यांचे पुढचे दोन दात पडले.

झाले असे की, शनिवारचा उपास सोडताना यांनी डिंकाच्या लाडवाला दात लावला. मोठा आवाज झाला. मला वाटले, लाडू फुटला. पाहते तो लाडू होता तसाच. (वहिनीला यातले अवाक्षर सांगू नये. तिचा पाक पहिल्यापासून जरा पक्का.) दात गेल्याचे दुःख नाही. भाकरी कुसकरून खाता येते, शिवाय सुपारीचा खर्च वाचला. पण आमच्या गल्लीतल्या राममंदिरात रामनवमीला भर दुपारी यांनी शंख फुंकावा आणि मगच बायांनी पाळण्याची दोरी ओढावी, अशी एकोणीस वर्षांची रीत आहे. परवा आरतीला यांनी शंख लावला, तर आवाज न निघता नुसता वारा सुटला आणि समोरचे निरांजन विझले. समोरच्या घरचा गोटीराम (याचे दात म्हणजे मक्याचे कणीस) सर्वांदेखत म्हणाला, "भाऊ, आता तुम्ही घंटा धरा. शंख तरण्या तोंडाचं काम हाय." हे घरी येऊन शंख मांडीवर घेऊन पुसत बसले, ते अजून पुसताहेत. दादा, हे मला पाहवत नाही. रामजन्माचा शंख यांच्याच तोंडी लागेल, असे मी देवापुढे बोलून बसले आहे, आणि ते होणारच.

लगोलग दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. दोन दातांचे वीस रुपये, बसवणावळ पाच. मी म्हटले, तोंड दाखवण्याचे पैसे घेता, मग आमच्याकडून एवढे तोंड उघडून घेतलेत त्याची काही सूट? नाही म्हणाले. जोडीचा भाव विचारला. उसने दात चालतील का, विचारणार होते, तोच ते वैतागून म्हणाले, "बाई, दात तुमचेच घेऊन या, मी नुसत्या पाच रुपयांत बसवून देतो!" मी लगेच त्यांच्याच कागदावर हे वाक्य लिहून घेतले आणि खाली सही मागितली. सही करताना त्यांचा चेहरा पडला होता, पण सही वळणदार आहे. पाच रुपये माझ्या हळदीकुंकवाच्या डब्यात आहेत. तेव्हा दातांची काळजी नसावी. थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

आपली,
सिंधू

ता. क. : आप्पांची कवळी आपण वर्षश्राद्धाला रामकुंडात सोडायला आणणार होता ना? ती आधीच पाठवावी. आप्पांना कैलासवासी होऊन वर्ष होत आले, आणि गोदामाईला दातांचा काय उपयोग? डॉक्टर त्यातले पुढचे दोन काढून बसवतील. धर्माचेही पाहिले आहे. मृताची वस्तू जावयाने वापरावी का, असे शास्त्रीबुवांना विचारले. ते म्हणाले, "छत्री, धोतर, जोडे, सर्व चालते." जोडे चालतात तर दात का नाहीत? आप्पा जन्मभर यांच्यावर दात खात होते, ते या निमित्ताने मिटेल. यांना काही कळवू नये. दात मुंबईचे आहेत एवढेच मी सांगितले आहे, आणि आप्पांनी ते मुंबईलाच करवले होते, म्हणजे खोटेही नाही.

आणखी एक ता. क. : खरे लिहिल्याशिवाय राहवत नाही. तो लाडू या बत्तिसांतला नव्हता. जुने संपल्याशिवाय नवे काढायचे नाहीत, ही या घरची शिस्त. तो दिवाळीचा होता. अजून सात आहेत.

रामनवमीला बाराच दिवस आहेत. कवळीचे पुढचे दोन दात शाबूत आहेत ना, एवढे उलट टपाली कळवावे. आप्पाही वहिनीच्याच हातचे लाडू खात असत.