किती दिवसांचा बर्फ

भाट्ये,
सोमवार, २१ जुलै

प्रिय विनीत,

पहिली आली ती श्रद्धा, पण आपल्याकडे नाही, गंगुबाईकडे. तू पत्ता सांगताना नारळाच्या केंद्रापासून तिसरं घर म्हणालास, आणि मधे गंगुबाईच्या धाकट्याने वेगळं घर बांधलं ते तुला काय ठाऊक, तुला इथे येऊन दोन वर्षं झाली. त्यामुळे तिसरं आता गंगुबाईचं आणि आपण चौथे. गंगुबाईने त्या पोरीला ओल्या रेनकोटासकट आत घेतलं, चहा पाजला, कुठली, कुणाची, लग्न जमलंय का, सगळं विचारून घेतलं, आणि मग म्हणाली, कॉम्प्युटर गोदूबाईकडे गो बाय, माझ्याकडे आपला मिक्सर बंद पडलाय, तो बघतेस तर बघ. पोरीने बघितला आणि मिक्सर चालू झाला. आता गंगुबाई वाडीभर सांगत फिरतेय, विनीतने बंगळूरहून मिक्सरवाली पाठवली. सर्वेश अर्ध्या तासाने आला. पुलावर त्याच्या गाडीत पाणी गेलेलं, ढकलत आणली. दोघंही तुझ्याच कॉलेजातली, तुझ्या लिनक्सच्या ग्रुपातली, तुला दादा म्हणतात. श्रद्धा बोलते फार आणि सर्वेश खातो फार. तुझ्या आईने घावणे घातले, त्याने अकरा खाल्ले. मी मोजत नव्हते, तुझी आई मोजत होती.

तर गेम आला. हे मी आधी लिहायला हवं होतं, पण माझं असंच. बोटीचा गेम आपल्या पेंग्विनवाल्या कॉम्प्युटरवर आला, चालला, आणि मी एकटीने पहिल्याच खेपेला चार टोपल्या मासळी उतरवली. तुझी आई म्हणते मी काल भाजी चिरताना एकटीच हसत होते. हसत असेन.

तुला आठवतं ना, तू कॉलेजात असताना मित्राचा लॅपटॉप आणलेलास आणि तो पावसाळाभर आपल्याकडे राहिला. त्यावर हा गेम होता, तू सुकाणूवर, मी जाळ्यावर. ज्याने हा गेम केला त्याने जाळं कधी ओढलेलं नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं, ओल्या जाळ्याला वजनच नाही त्याच्या. पण पाखरं कुठे बसतात ते त्याने नीट बघितलंय. मी म्हणायची, तिकडे वळव, पाखरं उतरली. तू म्हणायचास, आजी, नकाशात तिथे काही नाही. आणि मासळी तिथेच. मग मित्र लॅपटॉप घेऊन गेला, आणि आपला जुना कॉम्प्युटर तर चालू व्हायलाच भात शिजेपर्यंत वेळ घ्यायचा. तू त्यातलं विंडोज काढून लिनक्स घातलंस, ते पेंग्विनचं चित्र येतं ते. मी विचारलं हे कुठल्या कंपनीचं, तर म्हणालास, कुणा एकाचं नाही, जगातली माणसं मिळून करतात. मी म्हटलं, म्हणजे रापण. किनाऱ्यावरून जाळं ओढताना दोराला कोणीही लागावं, वाटा सगळ्यांना. तू म्हणालास, आजी, तुला माझ्या सरांपेक्षा लवकर कळलं. ते मी अजून गंगुबाईला सांगते.

कॉम्प्युटर धावायला लागला पण गेम गेला. लिनक्सवाली माणसं थोडी, म्हणून गेमवाले त्यांच्यासाठी करत नाहीत, असं तू सांगितलंस. एकदा तू कसलीशी खटपट करून तो आपल्याकडे चालवलास. बोट आली, आपण दोघं आलो, पण समुद्र आलाच नाही. बोट नुसती काळोखात टांगलेली. तरी मी जाळं टाकलं, आणि तू हसून हसून जमिनीवर लोळलास. मग तुला नोकरी लागली. निघताना दारात म्हणालास, आजी, आज ना उद्या ते लिनक्सवर आणतील, आणला की मी येतो, स्वतः लावून देतो, पहिली खेप आपण दोघांनी मारायची. मी म्हटलं, बरं.

तेव्हापासून मी वाट बघत होते. गेल्या दिवाळीला हितेश म्हणाला, आये, तो गेम सरळ चालतो असला कॉम्प्युटर रत्नागिरीत मिळतो, आणूया. तुझा बाबा स्वतःहून कधी काही आणूया म्हणत नाही हे तुला ठाऊक आहे. तरी मी नको म्हटलं. म्हणाला, अगो, मग खेळणार कधी? मी म्हटलं, लिनक्सवर येईल तेव्हा. तो माझ्याकडे बघत राहिला आणि जाळं घेऊन खळ्यात गेला. त्याला कळलं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेम आला असता, तू आला नसतास.

आणि या बुधवारी तुझा फोन. गेम आला, पण रजा नाही, ग्रुपातली दोघं पाठवतो, तुझं काम अडायचं नाही. मी तेव्हाही बरं म्हटलं. काम अडलं नाही हे खरं.

काल रविवारी पाऊस असा की नेट येई नि जाई. श्रद्धा म्हणाली, उतरायला दोन तास लागतील. तेवढ्यात सर्वेशने मला फोनवर एक गंमत दाखवली. गेमवाल्यांचं एक पान आहे, तिथे सगळ्या जगातली लिनक्सवाली माणसं येऊन एकच विचारत होती. केव्हा? कुठल्या कुठल्या भाषांत, केव्हा, केव्हा. गेमवाले सांगायचे, अजून ठरलं नाही. दुसऱ्या दिवशी परत, केव्हा. मी म्हटलं, काय निर्लज्ज रे ही माणसं, आणि ते गेमवाले चिडले नाहीत? सर्वेश म्हणाला, उलट, आजी, एवढी विचारायला लागली म्हणून तर केला त्यांनी, नाहीतर कोण करतो. मग त्याने खाली खाली नेऊन तुझं लिहिलेलं काढलं. दर महिन्याच्या एक तारखेला तू विचारलंयस. एक महिना चुकवला नाहीस. एका ठिकाणी लिहिलंयस ते त्याने मला मराठीत सांगितलं, की माझी आजी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, जाळं तीच टाकते, ती वाट बघतेय, कृपया तारीख सांगा. मी ते दोनदा वाचून घेतलं त्याच्याकडून. तुझी आई आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

आता बर्फाचं सांगते, नाहीतर पुढचं तुला कळायचं नाही. गेममध्ये बोट सुटायच्या आधी ती पाटी येते बघ, किती दिवसांचा बर्फ भरायचा. तू असताना मी पाटी आली की तोंड फिरवायची आणि तू आकडा भरायचास. तुला वाटायचं आजीला आकडे कळत नाहीत. आकडे मला कळतात, चौथी झाली आहे माझी. आपल्यात दर्यावर निघालेल्या माणसाला परत कधी येणार ते विचारत नाहीत. विचारलं की दर्याला ऐकू जातं म्हणतात. मी लग्न होऊन नवीन आले तेव्हा मला कुठलं ठाऊक, आमच्या माहेरी शेती. तुझे आजोबा निघाले आणि मी दारातून विचारलं, कधी येणार. जयगडाजवळ इंजिन बंद पडलं आणि बोट चार दिवस बेपत्ता. आले ते धडधाकट, वर दाढी वाढवून, पण त्या चार दिवसांत घरात माझ्याशी कोणी बोललं नाही. त्यानंतर चाळीस वर्षं मी त्यांना विचारलं नाही. बोटीवर बर्फ चढवताना उभी राहायची आणि लाद्या मोजायची. लाद्या कमी असल्या की उद्या-परवा, जास्त असल्या की आठवडा. तेवढ्यावर ओळखायचं. शेवटी त्यांना दर्याने नेलं नाही, साखरेने नेलं, याच घरात, खाटेवर. आता मी विचारलं नाही म्हणून ते दर वेळी परत आले, की येणारच होते, ते मला सांगता यायचं नाही.

हे तुला कोणी सांगितलंच नाही. हितेशने तुला बोटीवर नेला नाही, शाळेत घातला. आणि जे पाळायचं त्याचं घरात नावही काढत नाहीत. लहानपणी तू बाबा कधी येणार म्हणून रडायचास तेव्हा आम्ही तुझ्या हातावर गूळखोबरं ठेवायचो. तू बंगळूरला निघालास तेव्हाही आम्ही तसंच केलं. कोणी काही विचारलं नाही. मी आपली तुझी बॅग उघडून बघितली. दोन्ही स्वेटर घेतलेले, जाड चादर घेतलेली, म्हणजे मुक्काम लांबचा. मी बॅग बंद केली आणि वर लाडवाचा डबा ठेवला.

तर गेम उतरला आणि ती पाटी आली. मी सवयीने तोंड फिरवलं. श्रद्धा म्हणाली, आजी, आकडा टाका. मी म्हटलं, तू टाक गो. ती म्हणाली, मी का, बोट तुमची, आणि त्याशिवाय ती सुटत नाही. का टाकत नाही ते मग मला सांगावं लागलं, जेवढं वर लिहिलं तेवढं सगळं. सर्वेश घावणा हातात धरून बसला होता. श्रद्धा म्हणाली, म्हणजे म्हणून होय. मी म्हटलं, काय म्हणून? म्हणाली, विनीतदादा ग्रुपवर म्हणतो, बाकीच्यांच्या आया कधी येतोस, कधी येतोस करून डोकं खातात, माझ्या घरून दोन वर्षांत एकदा कोणी विचारलं नाही. मी गेलो काय, राहिलो काय, त्यांना सारखंच असणार. ती हसतच सांगत होती, पण मग तिचं तिलाच कळलं आणि ती कीबोर्डवरचे घावण्याचे कण वेचायला लागली. पडवीत हितेश जाळ्याची भोकं शिवत होता, त्याची सुई थांबली होती.

मी तीन टाकला. तीन दिवसांचा बर्फ. बोट सुटली. सुकाणूही मीच, जाळंही मीच, एकदा खडकावर घातली, एकदा जाळं बोटीच्या पंख्यात गेलं. हितेश कधी मागे येऊन उभा राहिला ते कळलं नाही. इतक्या वर्षांत गेमकडे त्याने ढुंकून बघितलं नव्हतं. म्हणाला, आये, ओहोटी आहे, आत घेऊ नको, थांब. मी थांबले. गेममधल्या तिसऱ्या दिवशी बोट बंदरात आली, चार टोपल्या मासळी आणि बर्फ थोडा उरलेला. काही झालं नाही. तीन म्हटलं होतं, तीनला आली.

आज सकाळी हितेश बाजारात गेला होता दोर आणायला. येताना ही वही आणि पेन आणलंन आणि माझ्यापुढे ठेवलंन. म्हणाला, तू लिही, मला जमायचं नाही, नारळी पौर्णिमा झाली की मी बोटीवर. तेव्हापासून लिहितेय. मधे दोनदा जेवणं झाली. फोनवर बोलले असते, पण तोंडाने विचारायला माझी जीभ अजून वळत नाही, चाळीस वर्षांची सवय आहे तिला. हाताला तसली सवय नाही, हात शेतकऱ्याच्या घरचा आहे. म्हणून हाताने विचारते. विनीत, तू कधी येणार आहेस? लिहिलं बघ. तुझ्या आईने वाचलं, हितेशने वाचलं, कोणी खोडलं नाही. आकडा तू भर. दोन महिन्यांनी असला तरी चालेल, वर्षाने असला तरी चालेल, एक रात्र राहून गेलास तरी चालेल, आम्हांला बर्फ किती ते कळलं म्हणजे झालं. तू त्या गेमवाल्यांना दर एक तारखेला विचारायचास तशी मी आता दर एक तारखेला तुला विचारणार, चिडू नको. दोघांनी मिळून खेळायचं ते अजून लागत नाही, दुसऱ्या माणसाचा सुकाणू तो ओळखत नाही. ते नीट करायला श्रद्धा आणि सर्वेश परत येणार आहेत. त्यांना मी निघताना दारातच विचारलं, परत कधी येणार म्हणून, जरा सवय करून बघितली. रविवारी, तीन ऑगस्टला, सकाळी दहाला येतो म्हणालेत.

तुझीच, जाळ्यावरची,
गोदूआजी