बुडते ती भरलेली

६ जानेवारी

चि. ढग्यास,
अ. उ. आ.

पत्राला उशीर झाला म्हणून रुसू नकोस. ढग मोजणाऱ्या माणसाला फुगून बसायला कारण लागत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. इथे नकाशांच्या खोलीत सध्या एका जुन्या समुद्राच्या नकाशाला पाठीमागून पातळ कागद लावते आहे. ब्रशने खळ पसरायची, वर कागद अंथरायचा आणि हवेचा एक बुडबुडासुद्धा आत राहू द्यायचा नाही. दिवसभर त्या निळ्या पाण्यावर वाकून बसलं की घरी जाताना रस्ताही थोडा हलतोय असं वाटतं. चिमणी म्हणते, आई, तू चालत येत नाहीस, तरंगत येतेस. तिचं चष्म्याचं दुकान ग्रंथालयाच्या समोरच असल्यामुळे माझ्यावर तिची सारखी पाळत असते.

आता मुद्द्याचं. माझा पंप बदलला. औषधवाले म्हणाले की जुना आता येणार नाही, त्यातला वायू वर जाऊन आकाशातला कुठलासा थर विरळ करतो. औषध तेच आहे बाई, फक्त आतला वारा बदललाय. मी म्हटलं, अहो, दमेकऱ्याला वाऱ्याशिवाय दुसरं हवं तरी काय असतं?

जुना पंप दाबला की घशावर थंडगार थाप बसायची. आलं, पोचलं, असं कळायचं आणि निम्मा दमा त्या कळण्यानेच उतरायचा. नवा म्हणजे खोलीच्या पलीकडच्या टोकाला बसून कुणी हळूच फुंकर घालावी तसा. चवही परकी. औषध आत गेलं की नाही याचा पत्ता लागत नाही, म्हणून पुन्हा दाबते आणि मग छाती धडधडत बसते. तीस वर्षं मी कधी तक्रार केली नाही. आता मात्र रडकुंडीला आले आहे.

जुन्यांपैकी एकच उरलाय. तारीख उलटून गेलीय, पण दीड वर्षापासून उशीखाली असतो. त्यावर हात ठेवला की झोप लागते. तुझ्या टेकडीखालच्या बाजारात एखादा जुना माल मिळाला तर बघ. एप्रिलमध्ये तू वेधशाळेतून हाताने शेवटचा फुगा सोडणार, पुढे ते काम यंत्र करणार. इतकी वर्षं येते येते म्हणत राहिले, यंदा येणारच. तुझ्या तीनशे बारा पायऱ्या चढायला तेवढा दम मात्र हवा.

लोभ आहेच. तो श्वासाइतका जपून ठेव.
तुझी,
ताई


१४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं तेव्हा खाली दरी दिसत नव्हती, सगळीकडे धुकं होतं. वेधशाळेच्या ओट्यावर उभं राहिलं की आपण कशावर उभे आहोत तेच कळेना. सकाळचा फुगा सोडला, तो चार हातांवर गेला आणि नाहीसा झाला. हातातून सुटल्यावर जो एक हलका झटका बसतो, तेवढाच काय तो पुरावा. पंचवीस वर्षं झाली, तरी त्या झटक्याला मी अजून सरावलो नाही.

बाजारात तीन दुकानं पालथी घातली. तुझा जुना पंप कुठेही नाही. एका म्हाताऱ्या दुकानदाराने माझा चेहरा बघून खुर्ची दिली, त्याला वाटलं दमा मलाच आहे. त्या थराबद्दल तुझे औषधवाले सांगतात ते खरं आहे. त्यावर पुन्हा कधीतरी सवडीने लिहीन.

मला वेगळीच शंका येते. कुप्या अर्धवट भरून विकत नसतील कशावरून? बाबांची युक्ती विसरलीस का? दर रविवारी पांढऱ्या टबात पाणी भरायचं, त्यांच्या पंपातली धातूची कुपी काढून त्यात सोडायची आणि आपण दोघांनी काठावर हनुवट्या टेकून बघत बसायचं. तळाशी गेली तर भरलेली, तिरकी उभी राहिली तर अर्धी, आडवी तरंगली तर रिकामी. साऱ्या जगात बोट बुडाली की लोक रडतात, आपल्या घरात टाळ्या वाजायच्या. ज्या रविवारी ती तरंगली, त्या रविवारी बाबा लगेच चपला घालून औषध आणायला निघायचे. तेव्हा तूही रविवारी बोट सोडून बघ. तरंगली तर तशीच नेऊन दुकानदारापुढे ठेव. पाणी खोटं बोलत नाही.

एप्रिलचं नक्की कर. दर पन्नास पायऱ्यांवर एक स्टूल ठेवतो. चिमणीला आशीर्वाद.

तुझाच,
ढग्या


२ फेब्रुवारी

चि. ढग्यास,
अ. उ. आ.

मोठा आलास मला बोट शिकवणारा! तुझं पत्र येण्याआधीपासून दर रविवारी बोट सोडतेच आहे. बाबा गेल्यावरही माझा एक रविवार चुकलेला नाही. चिमणी लहान असताना तिलाही काठावर बसवायचे. आणि ऐक, नवी कुपी दगडासारखी तळाशी जाते. भरलेली आहे! भरलेली असून देत नाही, याला काय म्हणायचं? रिकामी असती तर रागावता तरी आलं असतं. आठवड्या-आठवड्याला तिची फुंकर आणखी बारीक होत चाललीय.

चिमणीने धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, घाईने ओढू नका, सावकाश, लांब श्वास घ्या. मला जरा लागलंच ते. माझ्या लेकीच्या वयाची मुलगी मला श्वास घ्यायला शिकवणार! पंप बघू, म्हणाल्या तर मी तोही दाखवला नाही. दुखावलं की मी कशी वागते ते तुला माहीत आहे.

एप्रिलचं रद्द समज. जो पंप मला नकाशांच्या कपाटाची शिडी चढू देत नाही, तो टेकडी काय चढवणार? ती सात पायऱ्यांची शिडी आहे. चौथ्या पायरीवर थांबून मी वरच्या खणाकडे नुसती बघत राहते. वाईट वाटून घेऊ नकोस. तुझा फुगा मी इथल्या खिडकीतून बघेन. दिसणार नाही हे माहीत आहे, तरी बघेन.

तुझी,
ताई


१९ फेब्रुवारी

प्रिय मामा,
सा. न.

आईने तुला कळवायचं नाही अशी शपथ घातली आहे, म्हणून हे पत्र दुकानात बसून लिहिते. आधीच सांगते, आई ठीक आहे आणि कालच घरी आली.

गेल्या सोमवारी ती शिडीवर चढली. हट्टाने चढली असणार. वरच्या खणातून नकाशांची गुंडाळी ओढताना धूळ उडाली आणि तिला दम लागला. कशीबशी खाली उतरली, पंप दाबला, तर काही आलंच नाही. पुन्हा दाबला, पुन्हा नाही. मला बोलवायला ग्रंथालयाचा शिपाई धावत आला. मी गेले तेव्हा आई जमिनीवर बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर ओढलेले, ओठ निळसर झालेले. तिला बोलता येत नव्हतं. ती हाताने खुणा करत होती: उशी, घर, जा. मला कळलं, उशीखालचा जुना पंप आण म्हणतेय. मी धावत सुटले होते, मामा. शिपाईकाकांनी मला दारात अडवलं. म्हणाले, घर वीस मिनिटांवर आहे, मी अँब्युलन्स बोलावलीय, तू आईचा हात धरून बस. तेव्हा मला त्यांचा इतका राग आला होता! दवाखान्यात वाफारा आणि ऑक्सिजन मिळाला, तेव्हा तिचे खांदे खाली आले.

दुसऱ्या दिवशी मी पंपाच्या खोक्यातला घडी घातलेला कागद दुकानात आणला. त्यावरची अक्षरं इतकी बारीक की चाळिशीच्या पुढचं कुणी वाचूच नये. भिंग लावून वाचला. त्यात लिहिलंय की धातूची कुपी कधीही पाण्यात घालू नये, तोंडाशी पाणी शिरून ती चोंदते. धुवायचं ते प्लास्टिकचं नळकांडं, दर आठवड्याला, आणि पुरतं वाळवायचं. हे नवं औषध चिकटून बसतं. नवा पंप आधी चारदा हवेत उडवून बघायचा. आईच्या नळकांड्याच्या भोकावर पांढरा थर जमला होता. म्हणजे जे धुवायचं ते आम्ही कधी धुतलं नाही आणि जे कोरडं ठेवायचं ते दर रविवारी बुडवत बसलो.

आईला हे सांगितलं तर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. नवा पंप आणून ठेवलाय, त्याला हात लावत नाही. कुपी बुडवायची नसती तर माझ्या बाबांना कुणी सांगितलं नसतं का, एवढंच म्हणाली. तूच काहीतरी लिही. तुझं ती ऐकते, आधी शिव्या देते, पण ऐकते.

तुझी,
चिमणी


२५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चिमणीवर रागावू नकोस. मला सगळं कळलं आहे. बोट सोडून बघ असं शहाणपण मी तुला लिहिलं, हे आठवलं की जेवण जात नाही. पाणी खोटं बोलत नाही म्हणे! पाणी खरंच बोलत होतं गं, आपणच त्याला जुना प्रश्न विचारत राहिलो. बाबांची यात चूक नाही. त्यांचा पंप पाण्यात घातलेला चालायचा, तुझा चालत नाही. ते आज असते तर भिंग घेऊन तो कागद वाचत बसले असते आणि आपल्या दोघांना गप्प बसवलं असतं.

दुसरी गोष्ट मी टाळत आलो, ती आज लिहून टाकतो. तुझा जुना पंप ज्यामुळे बंद झाला, तो आकाशातला थर मोजायचं काम मीच करतो. आठवड्यातून एका फुग्याला एक छोटी पेटी बांधून वर सोडतो. ती चढत जाते आणि तिथला थर किती जाड, किती विरळ, ते खाली कळवत राहते. पंचवीस वर्षं मी ते आकडे लिहून पाठवले. जगभरातून हजारो लोकांनी पाठवले, त्यांत माझेही होते. त्या आकड्यांवरून तो वायू बंद झाला. तू इकडे पंप दाबत होतीस आणि मी तिकडे टेकडीवर बसून त्याची नोंद घेत होतो. तुझ्या तोंडचा आधार काढून घेणाऱ्यांत तुझा भाऊ होता. मला हे तुला सांगायची लाज वाटली.

माझ्यावर हवी तितकी चीड. नव्या पंपावर नको. त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसा सावकाश श्वास घेऊन बघ. फुगा भरताना मीही नळ हळूच सोडतो, घाई केली की रबर फाटतं. एप्रिलमध्ये नाही आलीस तरी चालेल. तू नीट श्वास घेतेस, एवढं मात्र कळव.

तुझा अपराधी,
ढग्या


११ मार्च

चि. ढग्यास,
अ. उ. आ.

अपराधी म्हणे! लहानपणी माझ्या वहीवर शाई सांडून कपाटात लपायचास, तसाच अजून आहेस. तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मी खूप रडले. मग हसू आलं. तुला त्या आकाशाचा दम लागलेला दिसत होता आणि मला माझा. एका घरात दोघे दमेकरी म्हणजे जरा जास्तच झालं. चीड वगैरे काही नाही. एवढंच वाटलं, ही गोष्ट तू आधी सांगितली असतीस, तर तो वायू गमावल्याचं दुःख मी एकटीने केलं नसतं.

नवा पंप मी हातात घेतला. चिमणीसमोर चारदा हवेत उडवला. उन्हाच्या तिरिपेत ते तुषार दिसले. इतके बारीक, इतके निवांत की खाली यायचं ते विसरूनच गेले होते. मग सावकाश, लांब श्वास घेतला. थाप नाहीच बसली. काही झालं नाही असं वाटलं. पाच मिनिटांनी लक्षात आलं की मी चिमणीला तिसऱ्यांदा रागावते आहे आणि मध्ये श्वासासाठी थांबले नाही. काल शिडीच्या सातही पायऱ्या चढले, रुमाल बांधून. डॉक्टरीणबाईंनी रोज घ्यायचा दुसरा पंपही दिलाय. आता त्यांचं सगळं ऐकते.

पण तुला हे लिहितेय ते वेगळ्याच गोष्टीसाठी. रविवारी टबात कोमट पाणी घेऊन फक्त प्लास्टिकचं नळकांडं धुतलं आणि वाळत घातलं. टब भरलेला, पाणी स्थिर, काठावर मी आणि चिमणी. काहीतरी सोडल्याशिवाय रविवार पुरा होईना. तेव्हा उशीखालची जुनी कुपी आणली. तिला मी आजवर कधी पाणी दाखवलं नव्हतं. मोजून दोनदा वापरली होती, भरलेलीच असणार, तपासायचं कशाला? खरं सांगायचं तर तपासायची भीती वाटायची.

हात सोडला. ती बुडाली नाही. आडवी झाली आणि टबभर हलके हलके फिरत राहिली.

चिमणीच्या मनात काय आलं ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. त्या सोमवारी ती धावत घरी गेली असती, धावत परत आली असती आणि माझ्या हातात ही ठेवली असती. ती उठली आणि थेट शिपाईकाकांच्या घरी जाऊन त्यांना भेटून आली. मी टबापाशीच बसून राहिले. दीड वर्ष मी या रिकाम्या डबीवर हात ठेवून शांत झोपले. तिच्यातलं औषध थेंबा-थेंबाने कधीच उडून गेलं असेल, तुझ्या त्या थराकडे. तुझ्या एखाद्या आकड्यात असेल बघ ते.

मग मी उठले, चपला घातल्या आणि औषधवाल्यांकडे जाऊन आणखी एक पंप घेऊन आले. एक पर्समध्ये, एक घरी. बाबा असेच निघायचे. आता उशीखाली काही नसतं.

एप्रिलचं तिकीट काढलंय. चिमणी आणि मी. स्टुलं मांडून ठेव, मी प्रत्येकावर बसणार आहे, घाई करणार नाही. शेवटच्या फुग्याचा दोर मला धरायचाय. सोडताना हाताला बसतो म्हणतोस तो झटका मला हवाय.

वरच्या पायरीवर उभा राहा, म्हणजे धुकं असलं तरी मला कळेल कुठवर चढायचं ते.

तुझी,
ताई