पाटीवरचं लिंगरबेक

४ जून १९५९, गुरुवार

जायलाच नको होतं! हिल्डा म्हणाली, "बाबा, घरात बसून माझं डोकं खाण्यापेक्षा जा. चहा तरी मिळेल." लेकीपुढे काय बोलणार? गेलो.

जुन्या विमानतळाची धावपट्टी. टोकाला बाकांच्या रांगा, त्यावर आम्ही गावातले रिकामटेकडे. समोरून मोटार येते, टपावर पाटी, पाटीवर एखाद्या गावाचं नाव. वाचता आलं की हात वर करायचा. नव्या रस्त्यांवर कुठली अक्षरं लावायची ते यावरून ठरणार म्हणे. कधी सगळी कॅपिटल, कधी नुसतं पहिलं मोठं नि बाकीची लहान.

पाटी खूप लांब होती तेव्हाच माझा हात वर गेला. लिंगरबेक.

माझं गाव! धरणाच्या पाण्याखाली जाऊन तीस वर्षं झाली.

शेजारच्या मिसेस टकवेल विणता विणता म्हणाल्या, "अहो, डोळे आहेत की दुर्बीण?"

चहा सांडला.

५ जून

मी वाचलं नव्हतंच. शाळा नवव्या वर्षी सुटली, आजही अडखळत वाचतो. पण बाई रोज फळ्यावर तारखेशेजारी गावाचं नाव लिहायच्या. सुरुवातीला L ची उंच काठी, मध्ये g ची खाली लोंबणारी शेपटी, शेवटाकडे b नि k च्या पुन्हा दोन काठ्या. डोंगराची कड ओळखावी तसं ओळखतो.

तेच नाव कॅपिटलमध्ये आलं तेव्हा इतरांबरोबरच हात वर केला. सगळी अक्षरं एका उंचीची. धरणाची भिंतच!

८ जून

डॉक्टर फेअरलींना — प्रयोग त्यांचा, वय पोरगेलं — विचारलं, हे नाव कुठून आणलंत?

"जुन्या नकाशातून. आता ते गावच नाही, म्हणून तर घेतलं. कुणाच्या ओळखीचं नको."

गावच नाही!

माझी थोरली, एल्सी, तिथे आहे. पाणी सोडण्याआधी सगळ्या कबरी वर हलवल्या. तिच्यावर दगड नव्हता, लाकडाचा क्रूस होता, तो कुजून गेलेला. जागा मी दाखवली. खणलं. पुन्हा खणलं. मिळाली नाही. हिल्डा तिच्यानंतरची, तिला बहीण होती एवढंच माहीत.

आता ते नाव कुठल्या नकाशावर नाही, रस्त्यावर नाही. फक्त त्या मोटारीच्या टपावर आहे.

९ जून

फेअरलींनी बाजूला घेतलं.

"मिस्टर ॲल्डरसन, हे एकच नाव तुम्ही सगळ्यांच्या कितीतरी आधी ओळखता. माहितीतलं आहे का? तसं असेल तर काढून टाकू. आम्हाला अक्षरं तपासायची आहेत, आठवणी नाहीत."

"छे हो! कधी ऐकलंसुद्धा नाही!"

बोललो खरा.

१२ जून

हात मांडीखाली दाबून बसलो. लिंगरबेक दिसलं. येतंय, येतंय — सगळं गाव माझ्याकडे चालत येतंय — आणि मी ठोंब्यासारखा गप्प! इतरांचे हात वर गेले, मग माझा.

मिसेस टकवेल म्हणाल्या, "दुर्बीण बिघडली वाटतं!"

फेअरलींनी वहीत आकडा टिपला. नाव राहिलं.

पण मोटारीच्या पुढे कोणी धावत होतं का? एल्सी गाड्यांच्या पुढे धावायची, आई कितीही ओरडली तरी. मिसेस टकवेलना विचारणार होतो. धीर झाला नाही.

१५ जून

होती. निळा फ्रॉक. मोटार जवळ आली की नाहीशी होते. लांब असते तेव्हाच दिसते.

हात दाबून ठेवला. बोटं बधिर झाली.

१७ जून

हिल्डा म्हणते, "बाबा, आता पुरे. किती वाळलात!" कशी थांबू? मी गेलो नाही तर एल्सी धावत कुणाकडे येणार?

१९ जून

आज माझा हात सगळ्यांत शेवटी वर गेला. मुद्दाम नाही. लिंगरबेक लहान अक्षरांतलंच होतं, तरी एकेक अक्षर जुळवून वाचावं लागलं.