थोरल्याचा फोटो

४ फेब्रुवारी १९७५, आटपाडी
आज अवघड काम अंगावर घेतलं. यशोदाबाई स्टुडिओत आल्या, सोबत धाकटा दीर शंकर. नवरा सहा वर्षांपूर्वी विहिरीचं काम करताना दरड कोसळून गेला. त्याचा एकही फोटो नाही. म्हणाल्या, "पोर तवा पोटात हुती. आता रोज इचारती, बा कसा हुता? शंकर लय त्येंच्यावानी दिसतोय. ह्येचा काढा. मिशी जाड करा, गालावरचा वण घालवा." हो म्हणून बसलो. का म्हटलं?

६ फेब्रु.
निगेटिव्हवर पेन्सिलीनं वण घालवला, प्रिंटवर ब्रशनं मिशी भरली. सुरेख झालं. बाईंनी बघून खाली ठेवलं. "न्हाई दादा. ह्यो शंकरच हाय."

७ फेब्रु.
इतकी वर्षं माणसं बसवतोय. मान सरळ, हनुवटी खाली, हलू नका. नाक-डोळे येतात. माणूस येतो का? सकाळपासून शोकेसमधले सगळे चेहरे बघतोय. भीती वाटायला लागली.

९ फेब्रु.
शंकरला पुन्हा बसवलं. बाईंना कॅमेऱ्याशेजारी उभं केलं. म्हटलं, "ते कसे होते, शंकरला सांगा." आधी लाजल्या. मग, "बाजारातनं येताना लांबनंच हाक मारायचं. घरात कोन हाय न्हाई, काय बगायचं न्हाईत." शंकर हसला. हसता हसता डोळे भरले. बटण दाबलं. कॅमेरा हलला बहुतेक.

१० फेब्रु.
प्रिंट किंचित हललेली. ब्रश लावला नाही. बाई ती घेऊन दाराच्या उजेडात गेल्या. मग एवढंच, "व्हय. आलं." फोटो फ्रेम करून हवाय. भिंतीवर लावून हार घालणार. परवा नेतील.

११ फेब्रु.
शंकरची बायको फुला दारात. रागानं लाल. "जित्या मानसाला हार घालनार व्हय? माज्या कुकवाला? फाडा त्यो फोटू, माज्या म्होरं."
म्हटलं, "बाई, हा तुझ्या नवऱ्याचा नाही."
"मग कुनाचा हाय? नाव सांगा."
फोटो खणात ठेवून कुलूप लावलं. यशोदाबाईंना निरोप धाडला, फ्रेम झाली नाही, थांबा. खोटं.

१२ फेब्रु.
सौ. म्हणते, फाडून मोकळे व्हा. दोनदा हातात घेतला. आजवर खरा असा हा एकच निघाला, आणि तोच भिंतीवर गेला तर एका बाईचा जीव जाईल, न गेला तर दुसरीचा... जेवण गेलं नाही.

१३ फेब्रु.
शंकर एकटाच आला. फोटो त्याच्यापुढं ठेवला. म्हटलं, "चेहरा तुझा. तूच सांग काय करू."
उभ्या उभ्या बघत राहिला. "दादा, मी कवा असा हसलोय?"
फोटो कागदात गुंडाळून शर्टाच्या आत घातला.
"कुठं नेतोस?"
"बगतो."
चौकात जाऊन थांबला. डावीकडं भावजयीचं घर, उजवीकडं त्याचं. मी पायरीवर. आत एक जोडपं बसवलेलं, त्यांनी हाक मारली, म्हणून आत गेलो. "हलू नका" म्हणायचं तोंडातच राहिलं. बाहेर आलो तर चौकात कुणी नव्हतं.