नावाची जागा

५ फेब्रुवारी, प्रकाशा

लिही रोशनी, आणि मी सांगते तेच लिही, मध्ये आपलं शहाणपण घालू नकोस. मी वत्सलाबाई, धानोऱ्याची, वय अठ्ठ्याहत्तर, आजपासून सिनेमात कामाला. मला अक्षर येत नाही, म्हणून सून सोबत आणली. दिग्दर्शक उमाकांत म्हणाला, रोज काय वाटलं ते लिहून ठेवा, फिल्ममध्ये कामाला येईल.

फिल्म माझ्यावर नाही, हेमकांतभाईंवर आहे. त्यांच्या गाण्याला परदेशातली माणसं उभी राहून टाळ्या वाजवतात. आता छाती गेली आहे. होळी बघतील की नाही, डॉक्टरला खात्री नाही. तापीकाठच्या या त्यांच्या घरात शेवटचं शूटिंग चाललंय. घर झकास. मागे केळीची बाग, पुढे नदी, आणि गादी इतकी मऊ की माझी पाठ रुसली.

आमच्या गुजर बायका मयतापाशी छाती बडवत गातात, आणि चाळीस वर्षं मी पुढे उभी राहिले. हेमकांतभाईंना ते गाणं फिल्मच्या शेवटी हवंय. रोशनीला म्हटलं, तुझ्या हातचं वरण खाल्लं की माणूस आपलं मरणाचं गाणं आपणच मागेल. तिने तेही लिहिलं असणार, कागदावर पेन जोरात वाजलं.

६ फेब्रुवारी

या गाण्यात मेलेल्याच्या नावाची एक जागा असते. शिकताना-शिकवताना तिथे नाव घालायचं नाही. छातीवर एक थाप मारायची आणि पुढे जायचं. माझ्या सासूने घरात नाही, शेताच्या बांधावर नेऊन शिकवलं. थाप चुकली की दंडाला चिमटा.

उमाकांत म्हणाला, थाप नको, फिल्ममध्ये ती चूक वाटते. कुठलंही नाव घाला. मी डोकं चालवलं. माहेरी-सासरी कुणाचंच नाही असं नाव शोधलं: नवनीत. मग गायले. रोशनीसुद्धा रडली. माझ्या ऑपरेशनला हिचा डोळा ओला झाला नव्हता.

गाणं संपलं तशी हेमकांतभाईंनी चहा मागितला. महिन्याभरात पहिल्यांदा, असं घरचे म्हणाले.

७ फेब्रुवारी

सकाळी जनरेटरवाल्याला नदीतून काढलं. पट्टीचा पोहणारा, गुडघाभर पाण्यात गेला. त्याचं नाव नवनीत होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

हेमकांतभाई आज कुणाचा हात न धरता गच्चीवर चढले.

दुपारी उमाकांतला तेच गाणं पुन्हा हवं होतं, कॅमेरा दुसऱ्या बाजूने लावून. मी पुन्हा नवनीतचंच नाव घेतलं, मेलेल्याचं आणखी काय बिघडणार? हेमकांतभाई डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर हळूच म्हणाले, मावशी, हे नाव शिळं झालं.

८ फेब्रुवारी

मी आता गाणार नाही, असं सांगून टाकलं. हेमकांतभाई पुन्हा खोकताहेत. रागावले नाहीत. हसले, आणि हट्ट म्हातारपणी शोभतो म्हणाले.

गाडीचा ड्रायव्हर भिला स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसला. हात जोडून म्हणाला, "माय, मन्हं नाव नको लेजो." मी म्हटलं, अरे भिला, तुझं नाव मी चहापुरतं घेते, गाण्यात बसवायला तू काय मोठा पाटील लागून गेलास? तेव्हा कुठे हसला बिचारा.

९ फेब्रुवारी

भर दुपारी तूर निवडत होते. तोंड बंद. आणि वरून माझा आवाज आला. गाणं माझं, सूर माझा, आणि नावाच्या जागी — भिला.

फाटकापाशी धावले. तो गाडीतच होता, स्टिअरिंगवर हात, डोळे उघडे. उन्हात तापलेली गाडी, आणि माणूस गार.

उमाकांतने शांतपणे समजावलं. माझ्या पदराला लावलेला माईक दिवसभर चालू असतो. कालची हाक कापून गाण्यात बसवली, इतकंच. बाकी योगायोग. माणसं मरतातच, म्हणाला.

वर हेमकांतभाई गात होते. भरदार, तरुण आवाज. सगळे कॅमेरे तिकडे. भिलाकडे एकही वळला नाही.

माईक विहिरीत टाकला.

१० फेब्रुवारी, सकाळ

वर जाऊन त्याच्यासमोर बसले आणि गायले. थाप नाही. नाव घेतलं — हेमकांत. तीनदा घेतलं. घसा फाटेपर्यंत.

तो मान डोलवत ऐकत होता. मग म्हणाला, मावशी, हे पोस्टरवरचं नाव. आईने ठेवलेलं फक्त तिला ठाऊक होतं, ती गेली. उद्या घाटावर कार्यक्रम आहे, त्याचीही फिल्म होणार. आवाज अजून थोडा हवाय, म्हणाला. आणि माझ्याकडे नाही, माझ्या शेजारी बसलेल्या सुनेकडे बघितलं.

फाटकाला कुलूप आहे. शूटिंग संपेपर्यंत, म्हणे.

दुपार

चार दिवस तो माईक अंगावर होता. आणि चार दिवस मी कुणाला हाका मारल्या — ऊठ, गोळी दे, लिही — शंभरदा, चेष्टेने, रागाने —

आता हाक मारणार नाही. सासू नाव घेत नाही म्हणून रुसू नकोस —

वर लागलं. माझा आवाज. पहिली ओळ.

दार लाव — नको, उठू नकोस. हात थांबवू नकोस. मला वाचता येत नाही, पेन वाजतं तेवढंच कळतं —

दुसरी ओळ. कान झाक — नको, लिही, लिहीतच —

आता ती जागा — लिहितेस ना? वाजू दे — पोरी, लिहीत रा